‘कर्व्ह केलंय ना?’ : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

फोंड्याला किंवा म्हापशाला छापखान्यात पत्रिकेची फाईल घेऊन गेलात, की काउंटरवरून बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, “टेक्स्ट कर्व्ह केलंय ना?” कर्व्ह करणे म्हणजे अक्षराचे अक्षरपण काढून त्याची नुसती बाह्यरेषा ठेवणे. मग समोरच्या संगणकावर तो फॉन्ट असो वा नसो, आकार बदलत नाही. मराठी फाईलला हाच प्रश्न सर्वांत आधी का विचारतात, हे समजायचे तर चारशे वर्षे मागे जावे लागते, आणि तेही गोव्यातच.

अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघालेले मुद्रणयंत्र १५५६मध्ये गोव्यात उतरले आणि इथेच राहिले. जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात ते बसवले गेले. भारतातला हा पहिला छापखाना. पण त्याचे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, रोमन होते. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांना इथल्या लिपीत पुस्तक छापायची फार इच्छा होती. १६०८मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचण मांडली आहे : युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, इथे सहाशे ठसे ओतावे लागतील. ते काही जमले नाही. १६१६मध्ये राशोलला, म्हणजे आपल्या रायतूरला, त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य छापले गेले, तेव्हा त्यातल्या मराठी ओव्या रोमन अक्षरांत होत्या. मराठीची थोरवी इतक्या प्रेमाने गाणाऱ्या ग्रंथाला मराठीची अक्षरे मिळू नयेत, याची चुटपुट मला अजून लागते.

पुढे १७५४मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यातल्या छपाईवर बंदी घातली. यंत्र पुन्हा सुरू झाले ते थेट १८२१मध्ये. दरम्यान देवनागरी खिळे दुसरीकडे घडले. १८०५मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले, आणि नंतर मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने खिळ्यांना असे वळण दिले की मराठी वाचकाची नजरच त्यावर घडली. काना, मात्रा, अर्धी अक्षरे वेगवेगळ्या खणांत ठेवून जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कारागीर, शब्द उभा करायचा. सहाशेचा प्रश्न हातांनी सुटला होता.

संगणक आला आणि तो पुन्हा उभा राहिला. १९८४ची पोस्टस्क्रिप्ट ही प्रिंटरला पान समजावणारी भाषा, पुढच्या वर्षीचे पेजमेकर हे पान लावायचे सॉफ्टवेअर आणि लेझर प्रिंटर यांनी टेबलावर पान लावायची सोय केली, पण त्या काळच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे. त्यांत मराठी बसवायची म्हणून अक्षरांचे तुकडे केले आणि ते रोमन अक्षरांच्या घरांत ठेवले. फॉन्ट सोबत असेल तोवर ठीक. तो नसला, की पानावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटायची. कर्व्ह करायची सवय मराठी कामात एवढी घट्ट बसली ती या धास्तीने.

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सामायिक संकेतात, देवनागरी १९९१पासून आहे. तिथे जोडाक्षराला वेगळे घर नसते. त् आणि र शेजारी आले की त्र कसा काढायचा, हे फॉन्टमधले नियम आणि सॉफ्टवेअर मिळून ठरवतात. सॉफ्टवेअरला ते कळले नाही तर काय होते, ते मी एका देवस्थानच्या पत्रिकेत पाहिले. माझ्या पडद्यावर ‘जत्रोत्सव’ होता, फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडली गेली आणि छापून आला ‘जत्‌रोत्सव’. ‘आणि’मधली वेलांटी ण सोडून पलीकडे जाऊन बसली होती. पाचशे पत्रिका कापून, गठ्ठे बांधून तयार होत्या. देवाच्या पत्रिकेवरचे मोडके अक्षर घरोघरी कसे वाटायचे? सगळ्या पुन्हा छापल्या.

बाकीच्या अटी सगळ्या भाषांना सारख्याच. कटिंगचे पाते किंचित सरकते, म्हणून चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई. ऑफसेट छपाईत फोटो ठिपक्यांच्या जाळीने उमटतो, ती साधारणपणे इंचाला १५० ओळींची असते, तिच्या दुप्पट म्हणून फोटोत इंचाला ३०० पिक्सेल. रंग निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटांनी उमटतात, म्हणून फाईल या चार रंगांच्या सीएमवायके पद्धतीत. हे एकदा समजले की विसरत नाही.

अक्षराचा पक्का उपाय पीडीएफने दिला. १९९३मध्ये आलेल्या या स्वरूपात फॉन्ट फाईलच्या पोटातच घालता येतो, आणि खास छपाईसाठी २००१मध्ये ठरलेल्या पीडीएफ-एक्स मानकात तो घालणे सक्तीचे आहे. माझ्या मते मजकूर लांबलचक असेल तर हाच मार्ग धरावा. बारीक टायपातली कर्व्ह केलेली अक्षरे कधी कधी जाड उमटतात, आणि कर्व्ह झालेल्या पानावर साधा अनुस्वार सुधारायचा तरी मूळ फाईलच हुडकावी लागते. चुका छापून गेल्यावर निस्तरणे अवघडच : पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांचा वनौषधींवरचा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला, तेव्हा चुकांसाठी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले होते. म्हणून मी आधी कागदावर प्रूफ काढून यजमानांकडून तिथी, वार आणि देवाचे नाव मोठ्याने वाचून घेतो. मग मूळ फाईल बाजूला जपून ठेवतो, आणि तिच्या प्रतीवर कर्व्ह करतो.