वैचारिक निबंधाची रचना

वैचारिक निबंध म्हणजे वादाला जागा असलेल्या प्रश्नावर एक भूमिका घेऊन ती कारणे, पुरावे आणि विरुद्ध मताला दिलेले उत्तर यांच्या बळावर सिद्ध करू पाहणारे गद्यलेखन. पदव्युत्तर अभ्यासक्रम, स्पर्धा परीक्षा आणि वैचारिक नियतकालिके यांत जो निबंध अपेक्षित असतो तो या प्रकारचा. प्रस्तावना, गाभा आणि समारोप हा शाळेत गिरवलेला साचा त्याला पुरत नाही. कोणते म्हणणे आधी पटल्याशिवाय पुढचे मांडता येत नाही, यावरून त्याचे परिच्छेद लागतात.

मराठी शाळांत ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘सूर्य उगवला नाही तर’ अशा निबंधांबरोबर ‘विज्ञान : शाप की वरदान’ हाही विषय पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. त्याला वैचारिक म्हणतात खरे, पण अर्धे पान शाप, अर्धे पान वरदान आणि शेवटी ‘विज्ञान चांगले-वाईट नसते, ते वापरणाऱ्यावर अवलंबून असते’ अशी त्याची ठरलेली मांडणी असते. शेवटच्या वाक्याशी कोणाचाच मतभेद होत नाही आणि म्हणूनच त्यातून काही सिद्धही होत नाही. प्रगत निबंधाची सुरुवात खरे तर तिथून व्हायला हवी : कोणते विज्ञान, कोणाच्या हाती, कोणत्या काळात आणि कोणाच्या खर्चाने?

पूर्वपीठिका

आधुनिक युरोपात निबंध हा प्रकार फ्रेंच लेखक माँतेन्य याच्या १५८०च्या संग्रहाने रूढ झाला. इंग्रजीत फ्रान्सिस बेकनचे पहिले दहा निबंध १५९७ मध्ये आले. मराठीत लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रांच्या रूपाने सामाजिक प्रश्नांवर लिहिले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले आणि सात वर्षांत ८४ अंक काढून मराठी गद्याला लांब पल्ल्याचा युक्तिवाद पेलण्याइतके बळ दिले. गोपाळ गणेश आगरकरांचे ‘सुधारक’ १८८८ मध्ये निघाले. रचनेच्या दृष्टीने आगरकर आजही बारकाईने वाचावेत असे आहेत. ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ या त्यांच्या निबंधाचे शीर्षक पाहिले तरी पुरे. तिथे विषय सांगून लेखक थांबलेला नाही. आपले म्हणणे त्याने मथळ्यातच मांडले आहे आणि वाचकाला पहिल्या ओळीच्या आधीच बाजू घ्यायला लावली आहे.

ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी पुढे रुजवलेल्या लघुनिबंधाची जात वेगळी. त्याला लेखकाच्या मनाच्या ओघाने वाहण्याची मुभा असते. प्रस्तुत नोंद त्याच्याविषयी नाही.

प्रतिज्ञा

‘दुष्काळ’ हा विषय झाला. ‘महाराष्ट्रातील दुष्काळ : कारणे आणि उपाय’ हाही विषयच, फक्त लांबलेला. ‘१९७२च्या दुष्काळातून महाराष्ट्र तरला तो धान्यवाटपापेक्षा सरकारी कामांवरच्या मजुरीमुळे’ ही मात्र प्रतिज्ञा, म्हणजे निबंधात सिद्ध करून दाखवायचे विधान आहे. ती ओळखण्याची सोपी कसोटी अशी, की विधान उलटे करून पाहावे. उलटे विधान शहाण्या माणसाच्या तोंडी शोभत असेल तर मूळ विधानावर निबंध उभा राहू शकतो. ‘पाणी जपून वापरले पाहिजे’ याचे उलटे कोणीही म्हणणार नाही. त्यावर सूचनाफलक लिहावा, निबंध नव्हे.

चांगली प्रतिज्ञा हाती आली की आराखडा वेगळा करावा लागत नाही. वरच्या विधानातून प्रश्न आपोआप निघतात. मजुरी किती लोकांपर्यंत पोहोचली? ती हाती असताना धान्य मिळत होते का? धान्य असूनही माणसे उपाशी मेली, असे कुठे घडले आहे का? आणि धान्यवाटप झाले त्याचा वाटा किती? ज्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे उत्तर अवलंबून आहे तो आधी घ्यायचा. इथे तिसरा प्रश्न पहिला येतो, कारण भूक आणि धान्याची टंचाई या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे पटल्याशिवाय मजुरीच्या मुद्द्याकडे वाचक लक्षच देणार नाही.

परिच्छेदाच्या आतली बांधणी शिकण्यासाठी न्यायदर्शनातील, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील, पंचावयवी वाक्याइतके उपयुक्त साधन दुसरे नाही. प्रतिज्ञा, हेतू (कारण), उदाहरण, उपनय (तो नियम आपल्या प्रकरणाला लावून दाखवणे) आणि निगमन (निष्कर्ष) हे त्याचे पाच अवयव. दुष्काळाच्या निबंधातील एक परिच्छेद त्यात असा बसतो :

‘दुष्काळात आधी गरिबाची खरेदीची ताकद सावरावी लागते (प्रतिज्ञा). कारण पीक बुडाले की शेतमजुराचा रोजगारही त्याच दिवशी बुडतो आणि बाजारात धान्य असले तरी ते त्याच्या आवाक्यात राहत नाही (हेतू). हाती पैसा नसेल तिथे धान्य असूनही उपासमार होते. १९४३ साली बंगालमध्ये धान्याचा एकूण पुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता, तरी लाखो माणसे मेली, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले (उदाहरण). १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रातही पीक गेले, मात्र इथे खडी फोडणे, रस्ते, बांधबंदिस्ती, पाझर तलाव अशी कामे निघाली आणि मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख मजूर होते (उपनय). म्हणून त्या वर्षी उपासमार आटोक्यात राहण्याचे मोठे श्रेय मजुरीला द्यावे लागते (निगमन).’

पाचही अवयव प्रत्येक परिच्छेदात याच क्रमाने आले पाहिजेत असे मुळीच नाही. तसे केले तर लेखन यांत्रिक होईल. पण अडलेला परिच्छेद तपासताना यांतला कोणता अवयव गळला हे पाहिले की बहुतेक वेळा दुखणे सापडते. सर्वांत जास्त वेळा गळतो तो उपनय. लेखक बंगालचे उदाहरण देतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. ते महाराष्ट्राला कसे लागू पडते आणि कुठे लागू पडत नाही, हे जुळवण्याचे काम वाचकावर टाकून देतो. उदाहरणाच्या अवयवातही एक मेख आहे. नैयायिकांच्या (न्यायदर्शनाच्या पंडितांच्या) मते त्यात नुसता दाखला पुरत नाही, त्यामागचा सर्वसाधारण नियमही सांगावा लागतो. वरच्या परिच्छेदात ‘हाती पैसा नसेल तिथे’ हे शब्द काढून टाकले तर बंगालची हकीकत उरेल, पण तिने काय सिद्ध झाले ते कळणार नाही.

पूर्वपक्ष

मीमांसा या वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातील अधिकरणाची, म्हणजे एका प्रश्नावरच्या चर्चेची, रचना विषय, संशय, पूर्वपक्ष (विरुद्ध मत), उत्तरपक्ष (त्याला उत्तर) आणि संगती (आधीच्या चर्चेशी संबंध) अशी असते. तिच्यात प्रतिपक्षाला आपल्या उत्तराच्या आधी, पूर्ण जागा दिलेली आहे. वैचारिक निबंधाची प्रौढता सर्वांत जास्त दिसते ती इथे. ‘काही लोक म्हणतात की’ असे एक वाक्य लिहून पुढच्या वाक्यात ते खोडून टाकणे म्हणजे पूर्वपक्ष नव्हे. प्रतिपक्षाने वाचून ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ असे कबूल करावे इतक्या ताकदीने तो मांडला पाहिजे.

दुष्काळाच्या निबंधाला दोन पूर्वपक्ष सामोरे येतात. पहिला : ज्यांनी ते वर्ष काढले त्यांच्या आठवणीत लाल मिलो (आयात केलेली ज्वारी) आहे, सुकडी (वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ) आहे, रेशनची रांग आहे, मग वाटपाला दुय्यम कसे ठरवता? याला उत्तर आहे. रेशनचे धान्यही विकतच घ्यावे लागे आणि त्याचे पैसे कामाच्या पगारातून येत. सुकडीही अनेक ठिकाणी कामावरच वाटली गेली. म्हणजे धान्य आणि मजुरी एकमेकांत गुंतलेली होती. हे मान्य केल्याने प्रतिज्ञा थोडी मवाळ होते, पण अधिक खरी होते.

दुसरा पूर्वपक्ष जास्त अवघड. जुनी माणसे सांगतात, ‘बाहत्तरला धान्य नव्हतं, पण पाणी होतं.’ एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. हातात मजुरी दिली म्हणून हंडा भरत नाही. हा आक्षेप खोडता येत नाही आणि खोडण्याचा प्रयत्नही करू नये. उलट त्याने निबंधाची हद्द आखून दिली आहे : आपले म्हणणे भुकेपुरते आहे, तहानेपुरते नाही. प्रतिज्ञेचे वाक्य मागे जाऊन बदलायचे, ‘दुष्काळातून तरला’ ऐवजी ‘उपासमार टळली’ असे लिहायचे आणि मग पुढे जायचे. आक्षेपामुळे प्रतिज्ञेत असा बदल होतो तेव्हा लेखक लिहिता लिहिता विचार करतो आहे, याची वाचकाला खात्री पटते.

पूर्वपक्ष कुठे ठेवावा याला एकच नियम नाही. विरुद्ध मत वाचकाच्या मनात आधीपासून घट्ट बसलेले असेल तर त्यानेच निबंध सुरू करावा, कारण ते बाजूला सरल्याशिवाय वाचक दुसरे काही ऐकून घेत नाही. आक्षेप एखाद्या विशिष्ट पुराव्यावर असेल तर तो त्या पुराव्याला लागूनच यावा. अगदी शेवटी, समारोपाच्या तोंडावर तो कोंबण्याची सवय मात्र वाईट : वाचकाच्या लक्षात आक्षेप राहतो आणि उत्तर निसटते.

पुराव्याचा पल्ला

प्रत्येक पुरावा एका मर्यादेपर्यंतच बोलतो. ‘मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख मजूर’ हा आकडा कामांचा विस्तार दाखवतो. कामांमुळेच माणसे वाचली हे तो एकटा दाखवत नाही. त्यासाठी कामे उशिरा निघालेल्या आणि लवकर निघालेल्या भागांची तुलना, किंवा बंगालसारखा उलटा दाखला लागतो. तसेच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, यावरून राज्याने दुष्काळातून काय धडा घेतला ते कळते. बाहत्तरची कामे यशस्वी झाली होती हे त्यावरून ठरत नाही. आकडा आणि दावा यांच्यामधली ही फट विद्यार्थी सहसा ‘यावरून स्पष्ट होते की’ या शब्दांनी बुजवतात. परीक्षकाचे लाल पेन नेमके तिथेच थांबते, आणि ते योग्यच आहे.

‘त्यामुळे’, ‘तथापि’, ‘उलट’, ‘शिवाय’ हे जोडशब्दही पुराव्याइतकेच जबाबदारीने वापरायचे असतात. ‘त्यामुळे’ लिहिले की कार्यकारणाचा दावा केला. नुसता नंतरचा प्रसंग सांगायचा असेल तर ‘त्यानंतर’ म्हणावे.

सुरुवात व समारोप यांवर मार्गदर्शक पुस्तके पाने भरतात. त्या मानाने सांगण्यासारखे थोडे आहे. ‘प्राचीन काळापासून मानव’, एखादे सुवचन किंवा शब्दकोशातली व्याख्या यांनी सुरू केलेला निबंध पहिला परिच्छेद कापल्यावर बहुधा सुधारतो. समारोपात आधीचे मुद्दे पुन्हा वाचून दाखवू नयेत. सिद्ध झालेल्या गोष्टीवरून पुढे काय ठरते, तेवढे सांगावे.

परीक्षेतील निबंध

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत १९९३ पासून निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. २०१४ पासून तिचे दोन विभाग असून प्रत्येक विभागातील चारपैकी एक विषय निवडून १००० ते १२०० शब्दांचा निबंध लिहायचा असतो. एकूण गुण २५०, वेळ तीन तास, आणि उत्तरे मराठीतूनही लिहिता येतात. विषयाला धरून राहणे, विचारांची सुसंगत मांडणी, थोडक्यात लिहिणे आणि नेमकी, परिणामकारक भाषा एवढ्याच अपेक्षा अभ्यासक्रमात नमूद आहेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा तिच्यातही २५० गुणांचा निबंध आला.

अलीकडे केंद्रीय आयोगाचे बरेच विषय सूत्रवजा, तत्त्वचिंतनपर वाक्यांचे असतात. अशा वाक्यात प्रतिज्ञा तयार मिळाल्यासारखी वाटते आणि उमेदवार तिचे गुणगान करत सुटतो. त्याऐवजी ते वाक्य कुठे खरे ठरते आणि कुठे लंगडे पडते याची सीमारेषा शोधावी. ती रेषा म्हणजेच आपली प्रतिज्ञा. एका निबंधाच्या दीड तासातली पहिली वीस-पंचवीस मिनिटे कच्च्या कामाला द्यावीत. प्रतिज्ञेचे एक वाक्य, सर्वांत जड पूर्वपक्ष आणि प्रत्येक परिच्छेदाचे म्हणणे एकेका ओळीत, एवढे कागदावर आले की लेखणी अडत नाही.

घरी सराव करताना हीच कृती उलटी करावी. लिहून झालेल्या निबंधाच्या समासात प्रत्येक परिच्छेदाचे म्हणणे एका ओळीत लिहायचे आणि मग फक्त समास वाचायचा. एखाद्या परिच्छेदापुढे दोन ओळी लागल्या तर तो तोडावा. एकही सुचली नाही तर तो काढावा. दोन परिच्छेदांची जागा बदलूनही समास तितकाच सुसंगत वाचता आला, तर त्या दोहोंत युक्तिवादाचा दुवा अजून घालायचा राहिला आहे.