मराठी पाट्या व जाहिरातींतील अक्षरनिवड

दुकानाची पाटी, हँडबिल, मेनूकार्ड, पिशवीवरचा छाप, व्हॉट्सॲपवर फिरणारी जाहिरात यांसाठी अक्षरांचे वळण, जाडी, आकार, रंग आणि मांडणी ठरवण्याचे काम. मोठ्या कंपन्या ते जाहिरात संस्थांकडे सोपवतात. किराणा दुकान, खानावळ, पार्लर, घरगुती मसाले असल्या व्यवसायांत मात्र ते फ्लेक्स छापणारा, डीटीपी ऑपरेटर किंवा मालक स्वतः मोबाइलवर उरकतो. महाराष्ट्रात या निवडीला कायद्याचीही एक बाजू आहे.

फ्लेक्स येण्याआधी पाटी रंगवणे हे पेंटरचे काम होते. जागा कमी पडली की तो अक्षरे आवळत असे, आणि एखादी वेलांटी ऐसपैस वळवून रिकामा कोपराही भरत असे. नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींत कमल शेडगे (निधन २०२०) यांनी हे कसब फार उंचीवर नेले. नाटकाचा स्वभाव त्यांच्या अक्षरांतूनच कळे. हाती रंगवलेल्या अक्षरांची आठवण काही फॉन्टमध्ये उरली आहे. ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्थानकांवरील रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला आहे.

संगणक आल्यावर ‘आकृती’, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे फॉन्ट छापखान्यांत रुळले. प्रत्येकाची सांकेतिक रचना वेगळी असल्यामुळे एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणाऱ्या युनिकोडने ही अडचण सोडवली. विंडोजमधून घरोघर पोचलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. तरीही बरेच फ्लेक्सवाले अजून जुन्याच फॉन्टवर काम करतात, कारण त्यांचे हात आणि जुन्या फाइली त्यातच आहेत. ‘फाइल कर्व्ह करून पाठवा’ ही त्यांची सूचना याच काळजीपोटी असते. अक्षरांचे रेखाटनात रूपांतर केले की समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. मात्र त्यानंतर शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही, त्यामुळे मूळ फाइल जपून ठेवावी लागते.

२०१४ नंतर गूगल फॉन्ट्सवर चांगले देवनागरी फॉन्ट मोठ्या संख्येने मोफत मिळू लागले. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘हिंद’, ‘पॉपिन्स’, ‘खंड’, ‘तेको’, ‘कलम’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ हे त्यांतले ठळक. ‘मुक्त’मध्ये सात जाड्या आहेत. एका छोट्या दुकानाची पाटी, बिल आणि दरपत्रक एवढ्यात सहज भागते. ‘मोदक’ची गुबगुबीत अक्षरे एकमेकांना इतकी खेटलेली असतात की मधल्या पोकळ्या जवळजवळ बुजतात. मिठाईच्या दुकानाच्या नावाला तो शोभतो, पण त्यात दरपत्रक छापले तर वाचणार कोण? ‘कलम’ हस्ताक्षरासारखा आहे, घरगुती लोणच्याच्या लेबलावर छान दिसतो. ‘खंड’ आणि ‘तेको’ अरुंद असल्याने लांबलचक नाव कमी रुंदीत बसवायला उपयोगी पडतात.

मराठी मजकुराची खरी परीक्षा फॉन्टच्या नावात नसते. ती अक्षराच्या वर आणि खाली होते. ‘कुळथाचे शेंगोळे’ ही दोन शब्दांची पाटी दोन ओळींत लिहून पाहावी. वरच्या ‘कु’चा उकार खालच्या ‘शें’च्या मात्रा-अनुस्वारावर येऊन बसतो. इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेले दोन ओळींतले अंतर इथे अपुरे पडते. ते वाढवायचे नसेल तर ओळ दुसरीकडे तोडावी. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची इंग्रजी जाहिरातींतली फॅशन मराठीत आणली की शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते आणि शब्द शब्दासारखा दिसत नाही. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत, तिरपे अक्षरही मूळचे नाही. म्हणून ठसवायचा शब्द जाडी, आकार किंवा रंगानेच उठवावा लागतो. त्यासाठी फॉन्टची खरी जाड आवृत्ती घ्यावी. बटण दाबून फुगवलेल्या अक्षरांत ‘ष’ आणि ‘क्ष’च्या पोटातली जागा नाहीशी होते.

फॉन्ट निवडण्याआधी त्यात ‘वऱ्हाडी’, ‘ॲप’, ‘कॅफे’, ‘खमंग’, ‘ज्ञानेश्वर’, ‘शालू’ हे शब्द टाइप करून बघावेत. काही फॉन्ट अर्ध्या ऱ्याऐवजी रफार काढतात आणि ‘वऱ्हाडी ठेचा’ हा ‘वर्हाडी’ होऊन बसतो. ‘ख’चे दोन भाग खाली जोडलेले नसतील तर दुरून तो ‘रव’ वाचला जातो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ आणि २०२२ च्या शासन निर्णयांत वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवताना पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ स्वीकारला आहे. बाजारातले बरेच फॉन्ट मात्र हिंदी वळण गृहीत धरतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मुद्दाम मराठी रूपांसाठी काढलेला मोफत फॉन्ट आहे. तो पुस्तकी वळणाचा असल्याने सोनार, पुस्तकविक्रेते, आयुर्वेदिक औषधांची दुकाने यांना जुळतो. जिमच्या पाटीला तो घालू नये.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे ठरले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिने दिले. नियम आकार मोजतो, वळण मोजत नाही. म्हणून पुष्कळ दुकानांत इंग्रजी नाव जाडजूड, सुबक, कंपनीच्या रंगात आणि शेजारी मराठी नाव कुठल्यातरी हाताशी आलेल्या बारीक फॉन्टमध्ये, असा देखावा दिसतो. त्यात तांत्रिक गफलतही होते. दोन्ही लिप्यांना एकच पॉइंट साइज दिली तर मराठी अक्षर डोळ्याला लहान भासते, कारण तेवढ्याच उंचीत त्याला मात्रा आणि उकारही सामावून घ्यायचे असतात. मात्रा-उकार सोडून अक्षराच्या अंगाची उंची डोळ्याने जुळवून मराठी मोठे करावे लागते. सरळ मार्ग म्हणजे आधी मराठी नाव घडवावे आणि इंग्रजी त्याला जुळवून घ्यावे. बेळगावात गणित उलटे आहे. कर्नाटकाने २०२४ मध्ये पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचे केले. तिथल्या मराठी दुकानदाराला ‘बलू’सारखे, एकाच वळणात अनेक भारतीय लिप्या देणारे फॉन्ट सोयीचे पडतात, कारण कन्नड आणि मराठी नावे एकाच घरची वाटतात.

रंगांबाबत नियम थोडे, सवयी फार. लग्नपत्रिका आणि मंगल कार्यालये हळदी-कुंकवाचे रंग सोडत नाहीत, दवाखाने निळ्या-हिरव्याला चिकटून असतात. पिवळ्यावर काळे किंवा गडद लाल रस्त्यावरून चटकन वाचता येते. लालवर निळे डोळ्याला टोचते, तरी चौकाचौकांत दिसते. मोबाइलच्या पडद्यावरचा झळझळीत भगवा छपाईत मळकट उतरतो, म्हणून मोठी पाटी छापण्याआधी छोटा नमुना काढून घेणे स्वस्त पडते. फोन नंबर बहुतेक जण इंग्रजी आकड्यांत देतात, त्यात गैर काही नाही. पुणेरी पाट्यांनी मात्र दाखवून दिले आहे की मजकूर नेमका असेल तर पांढऱ्यावर काळे एवढेच पुरते.

मोफत मिळालेला प्रत्येक फॉन्ट धंद्यासाठी वापरता येतोच असे नाही. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ अशी अट असलेला फॉन्ट पाकिटावर छापणे हा परवान्याचा भंग ठरतो. गूगल फॉन्ट्सवरील बहुतेक देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली असतात. हा परवाना पाटी, लेबल, लोगो, विक्रीचा माल अशा सगळ्या वापराला मुभा देतो. मात्र नुसती फॉन्टची फाइल स्वतंत्रपणे विकता येत नाही.