पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्याला जर्मनीला जायचंय? आधी परतीचं बघा

आमच्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षात अधूनमधून एखादा अफगाण मुलगा येतो. जर्मनीत परिषद आहे, दहा दिवस जायचंय, कागद काय लागतात? माझा प्रश्न ठरलेला असतो : जर्मनीचं नंतर बघू, तू पुण्याला परत कसा येणार?

हे उगाच विचारत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलचं सरकार पडलं आणि भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधी दिलेले भारतीय व्हिसा रद्द झाले. कोविडमुळे घरी गेलेली मुलं तिकडेच अडकली. प्रवेश पुण्यात आणि विद्यार्थी हेरातमध्ये, अशी गत.

म्हणून सगळ्यात आधी भारताच्या व्हिसावर प्रवेश किती वेळा, ते वाचा. एकदाच असेल, तर निघण्यापूर्वी ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, पोर्टलवर ‘रिटर्न व्हिसा’चा अर्ज करावा लागतो. नोंदणीचा कागद, म्हणजे रेसिडेन्शियल परमिट, परतीच्या तारखेनंतरही काही महिने चालणारा हवा. संपत आला असेल तर आधी मुदतवाढ, मग जर्मनी. खोली बदलली असेल तर नवा पत्ता नोंदवलेला असावा. घरमालकांनो, परदेशी भाडेकरू राहायला आल्याची माहिती देणारा फॉर्म (सी फॉर्म) भरणं तुमचं काम आहे. ते राहिलं की पोरगं पोलीस आयुक्तालयात खेटे घालत बसतं.

आता पात्रता. ज्या देशात तुम्ही कायदेशीर राहता, तिथूनच शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह बऱ्याच युरोपीय देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज करायचा, हा नियम. काबूलमधला जर्मन दूतावास २०२१ पासून बंद, त्यामुळे तिथल्या माणसाला आधी इस्लामाबाद किंवा तेहरान गाठावं लागतं. पुण्यातल्या मुलाला ती पायपीट नाही. महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो. पण ‘कायदेशीर राहतो’ हे सिद्ध होतं त्याच रेसिडेन्शियल परमिटवर. एकच कागद दोन्हीकडे लागतो.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला, शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. हाताने लिहिलेला जुना पासपोर्ट चालत नाही. मुदत संपत असेल तर नूतनीकरणाची चौकशी आत्ताच करा. दिल्लीतला अफगाण दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाला तेव्हाही मुंबई आणि हैदराबादची कार्यालयं चालू राहिली होती. पुण्याहून मुंबईच जवळची.

खरी गंमत जन्मतारखेची. तजकिरा म्हणजे अफगाण ओळखपत्र. जुन्या कागदी तजकिऱ्यावर बऱ्याचदा तारीखच नसते. ‘१३९० साली वय ८’ एवढंच दरी किंवा पश्तो भाषेत लिहिलेलं असतं, आणि तेही हिजरी सौर वर्ष, जे मार्चच्या वसंत संपाताला, नौरोजला सुरू होतं. मग पासपोर्टवर बेधडक १ जानेवारी पडते. आपल्याकडे जुन्या पिढीत मास्तरांनी लावलेले १ जूनचे वाढदिवस आहेत ना, तसंच. पण भाषांतरात एका कागदावर एक साल आणि दुसऱ्यावर दुसरं आलं, की फाइल अडलीच. नावाचंही तेच. आडनाव नसतं, मग कॉलेजच्या बोनाफाईडवर कारकून वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकतो. सगळ्या कागदांवर नाव पासपोर्टवरच्यासारखं, अक्षर न् अक्षर. बोनाफाईड पुन्हा टाईप करायला दहा मिनिटं लागतात, हट्ट धरा.

बाकीची यादी सर्वांना असते तीच : भरलेला अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, परिषदेचं निमंत्रण, राहायची सोय, विमानाचं आरक्षण, बँकेचं विवरणपत्र आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र जोडा आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला आधी कळवा. खर्च काका करणार असतील, तर काकांचं पत्र आणि काकांचं खातं. आदल्या आठवड्यात खात्यात आलेले चार लाख कुणाला पटत नाहीत. कॉलेजच्या पत्रात मात्र एक वाक्य मी आग्रहाने घालते : विद्यार्थी अमुक तारखेला परीक्षेला बसणार आहे. परत जाणार नाही, हा संशय अफगाण अर्जदारावर आधी घेतला जातो. त्याला तारखेने उत्तर द्यावं.

वेळेचं गणित : अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला एरवी १५ दिवस, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. अफगाण नागरिकांच्या बाबतीत इतर शेंगेन देशांनाही विचारणा होते. माझा सल्ला : तीन महिने हाताशी ठेवा आणि व्हिसा येईपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नका.

तिकिटातही मेख आहे. समजा जर्मनी नाहीच, फ्रँकफर्टला विमान बदलून लंडनला जायचंय. विमानतळाच्या आतच थांबायचं, बाहेर पडायचंच नाही. अफगाण पासपोर्टवर मात्र शेंगेनच्या कुठल्याही विमानतळावर त्यासाठीसुद्धा ‘एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा’ लागतो. अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा चालू व्हिसा असेल तर सूट. स्वस्त तिकिटाच्या मोहात हे विसरलात तर मुंबईला चेक-इन काउंटरवरच अडवतील. आखातातून किंवा इस्तंबूलवरून जात असाल, तर विमान कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या.

नकार आलाच, तर फॉर्मवर कुठल्या कारणापुढे खूण आहे ते बघा. जर्मनीने नकारावर फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. उरतं ते कोर्ट, नाहीतर नवा अर्ज. विद्यार्थ्याने खूण केलेली त्रुटी भरून नवाच अर्ज करावा.

व्हिसा आला तरी निमंत्रण, विमा, रेसिडेन्शियल परमिट आणि रिटर्न व्हिसा यांच्या झेरॉक्स केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सुटकेसमध्ये नको. जाताना जर्मन अधिकारी निमंत्रण मागतील, येताना मुंबईचा अधिकारी परमिट मागेल आणि सुटकेस तेव्हा बेल्टवर फिरत असेल.