डांबरगोळी ठेवली म्हणजे कीड गेली?

"वाळवलेल्या वनस्पतींच्या कपाटात डांबरगोळ्या नि कडुलिंबाचा पाला ठेवा, कीड लागणारच नाही," असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो. ज्वारीच्या कोठीत आपण पाला घालतोच, म्हणून तो पटतोही. पण गोळीचा वास किड्याला फार तर लांब ठेवतो. पानात आधीच घातलेली अंडी त्यानं मरतीलच असं नाही. ओला पाला तर कपाटात ओलच आणतो.

त्यापेक्षा नमुना, म्हणजे कागदावर चिकटवलेली वाळकी वनस्पती, पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांना आठवडाभर तरी गोठवावा. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, कागदाला पाणी सुटतं.

पडताळायचंय? पळसाच्या फुलाचा नमुना पांढऱ्या कागदावर हलकेच टिचकवा. तपकिरी भुकटी, म्हणजे किड्यानं कुरतडल्याचा चुरा, पडली तर पुसून घ्या, पंधरवड्यानं पुन्हा बघा. नवी भुकटी दिसली तर किडा जिवंत आहे, गोळी शेजारी असली तरी.