दोन्हीला प्लगइनच म्हणतात, पण एक चित्राला हात लावतं आणि दुसरं टाइमलाइनला

परवा मिरजेहून एका पोराचा फोन आला, नवीनच मिक्सिंगला, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओच्या एडिटिंगला, बसलाय, म्हणाला, "दादा, पैसे भरून नॉइज काढायचं प्लगइन घेतलं पण कटिंग काय आपोआप होईना, फसवलं का ओ मला?" आता फसवलं कुणीच नव्हतं, ह्याला पाहिजे होतं एक आणि ह्यानं घेतलं दुसरं, आणि दुकानात दोन्हीच्या डब्यावर प्लगइनच लिहिलेलं, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. सांगलीत मिक्सिंग करणाऱ्या निम्म्या पोरांचा हा घोळ होतो, माझाही झालेला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिला प्रकार इफेक्टवाला. नीट व्हिडिओ घ्या, किंवा कलरचं कुठलंही. प्रीमियर किंवा रिझॉल्व, म्हणजे आपलं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, त्याच्या हातात फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र देतं, ते फ्रेम साफ करून, रंगवून परत देतं, बास. फार तर मागच्यापुढच्या चार फ्रेम बघून घेईल, पण कट कुठं मारायचा, नवरी आधी येते का नवरदेव, ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आणि हे काम ते प्रत्येक फ्रेमला करतं. आपण लग्न सेकंदाला २५ फ्रेमनं शूट करतो म्हणजे मिनिटाला १५०० फ्रेम, तीन तासाच्या लग्नाला २ लाख ७० हजार. रात्रीच्या हळदीला मांडवात पिवळे बल्ब, उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ चढवलेला, सगळीकडं दाणे, म्हणजेच नॉइज, अशा फुटेजवर सरसकट नॉइज रिडक्शन टाकलं की मग रेंडर, म्हणजे फायनल व्हिडिओ बनवायला लावून झोपायला जायचं आणि सकाळी उठून बघायचं कुठवर आलंय.

दुसरा प्रकार टाइमलाइनवाला, म्हणजे खरा कंटाळा वाचवणारा. टाइमलाइन म्हणजे क्लिपा ओळीनं मांडतो ती पट्टी. ऑटोकट, ऑटोपॉड वगैरे ह्यातले. ह्याला चित्र दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. आवाजाचा ग्राफ बघून कट मारणं, रिकामी जागा काढून पुढच्या क्लिपा मागं सरकवणं, ज्याचा माइक बोलतोय त्याचा कॅमेरा निवडणं, म्हणजे आपण कीबोर्डवर जे करतो तेच, फक्त शेजारी एक न कंटाळणारा पोरगा बसवलाय असं समजा. काम झालं की तो पोरगा उठून जातो आणि मागं राहतात ते साधे कट, आपण हातानं मारल्यासारखे.

ओळखायचं कसं तर कुठं दिसतंय ते बघा. प्रीमियरमध्ये पहिलं इफेक्ट्सच्या पॅनलमध्ये येतं आणि ओढून क्लिपवर टाकावं लागतं, दुसरं विंडो मेनूत एक्स्टेंशन्सखाली असतं आणि स्वतःची खिडकी उघडतं. रिझॉल्वमध्ये ओएफएक्स (तिथल्या इफेक्ट प्लगइनचं नाव) म्हटलं की पहिलं, वर्कस्पेसच्या मेनूत स्क्रिप्ट्समध्ये सापडलं की दुसरं.

हा फरक नुसता नावाचा नाही हे मला प्रोजेक्ट दुसऱ्याच्या पीसीवर न्यायची वेळ आली तेव्हा कळलं. इफेक्टवालं त्या पीसीवर नसेल तर सॉफ्टवेअर उघडताना बोंब मारतं आणि शॉट परत जसाच्या तसा दाणेदार. टाइमलाइनवालं नसलं तरी काही अडत नाही, कट जागच्या जागी. म्हणून टाइमलाइनवालं एका पीसीवर असलं तरी भागतं, इफेक्टवालं मात्र जिथं जिथं प्रोजेक्ट उघडणार तिथं लागतं. ऑफिसात दोन-तीन मशीन असतील त्यांनी घ्यायच्या आधी हा हिशोब करावा.

आता चूक कोण कशी करतं ते. इफेक्टवाल्याची चूक डोळ्याला लगेच दिसते, चेहरा मेणासारखा गुळगुळीत झाला की कळतं जास्त झालं, स्लायडर मागं घ्यायचा. टाइमलाइनवाल्याची चूक दिसत नाही कारण जे कापलं ते समोरच नसतं! मिरजेत सतारमेकर गल्लीत एका कारागिराचं शूट केलं होतं, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावताना. ते तार छेडतात, तारेखालचा दोरा केसभर सरकवतात, मान वाकडी करून ऐकत बसतात, परत छेडतात. मी आपला पाऊण तासाचा इंटरव्ह्यू सायलेन्स काढायच्या टूलमध्ये टाकला, मर्यादा मायनस ४० डीबी (डीबी म्हणजे आवाजाचं माप), अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त शांतता दिसली की उडव. डिजिटल आवाजात सगळ्यात मोठा आवाज शून्य आणि बाकी सगळं खाली मायनसमध्ये, त्यामुळं तार घुमत घुमत विरत जाते ती कधीतरी मायनस ४० च्या खाली जाणारच, आणि गेली की टूलनं कचकन तोडली. बाकी राहिलं ते टंग, टंग, टंग, एकापाठोपाठ एक. तंबोरा घुमतोय आणि माणूस ऐकतोय, ज्यासाठी शूट केलं तेवढंच नेमकं गेलं. टूलचा दोष नाही हो, त्याला आम्हीच सांगितलं बारीक आवाज म्हणजे कचरा.

उलटा किस्सा मार्केट यार्डातला. हळदीच्या सौद्याचं शूट, बोली चालू, पोती ओढतायत, टेम्पोचे हॉर्न. तीच सेटिंग टाकली तर एक कट मारला नाही, कारण मायनस ४० च्या खाली आवाज गेलाच नाही कधी. मर्यादा वर, मायनस २५ ला नेली तर हळू बोलणाऱ्या शेतकऱ्याची अर्धी वाक्यं गायब. अशा जागी कॉलर माइकचा वेगळा ट्रॅक असेल तर त्याच्यावरून कट मारायचे, नाहीतर गुपचूप हातानं करायचं.

म्हणून आता मी सिक्वेन्सची, म्हणजे मांडलेल्या टाइमलाइनची, डुप्लिकेट काढल्याशिवाय बटण दाबत नाही, आणि पहिल्यांदा कापून न टाकता नुसतं कट मारायचा किंवा मार्कर, म्हणजे खूण, लावायचा पर्याय असेल तर तोच घेतो. कटाच्या दोन्ही बाजूला थोडी हवा पण सोडतो, पाच-सहा फ्रेम, नाहीतर माणूस श्वास न घेता बोलतोय असं वाटतं.

क्रम पण पाळायचा. आधी सिंक, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचा आवाज जुळवणं, मग कट, आणि चित्राचं काम सगळ्यात शेवटी. आधी कापलं तर दुसऱ्या कॅमेऱ्याशी जुळवायला सलग आवाज राहत नाही, आणि आधी नॉइज काढत बसलं तर जे पुढं फेकून द्यायचंय तेही पीसी घासत बसतो.

आणि ते पेनड्राइव्हवर मिळतं ना, "पाचशे वेडिंग प्लगइन", ते ह्या दोन्हीतलं नसतंच बहुतेक वेळा. एडियस ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरचे तयार प्रोजेक्ट, टायटल, ट्रान्झिशनचे प्रीसेट, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लावून ठेवलेल्या सेटिंग. वापरा की, पण ते काम करत नाहीत, नुसतं सजवतात. आणि क्रॅकवालं असेल आणि बसवताना अँटिव्हायरस बंद करा म्हणत असेल तर गिऱ्हाइकाच्या लग्नाचा डेटा असलेल्या मशीनवर तर अजिबात नको.

तर त्या फोनवाल्या पोराला विचारलं, बाबा तुला नेमकं काय आपोआप पाहिजे? तर म्हणे दोन कॅमेरे आणि एक रेकॉर्डर, मंगलाष्टका तिन्हीत, ओठ आणि आवाज जुळवता जुळवता रात्र जाते. मग म्हटलं तीन क्लिपा वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेव, सिलेक्ट कर, राइट क्लिक, सिंक्रोनाइझ, ऑडिओ. प्रीमियरमध्येच आहे, वेगळे पैसे नाहीत. फोनवर जरा वेळ शांतता, मग मागून ब्राह्मणाचा आवाज, सावधाsssन, तिन्हीचा एकदम.