नाइटच्या चिलखताची पूरक सामग्री

पंधराव्या शतकातील युरोपीय नाइटच्या (घोडेस्वार सरदार-योद्ध्याच्या) पोलादी चिलखतासोबत लागणारा कापडी, चामडी व दोरीचा सरंजाम आणि शस्त्रे. पूर्ण चिलखत साधारण 20 ते 25 किलोंचे असे. त्याचे बरेचसे पत्रे आतल्या डगल्यालाच बांधलेले असल्याने भार अंगभर वाटला जाई. म्हणून तशी प्रतिकृती करताना डगला आधी शिवून तो अंगात घालूनच पत्र्यांची मापे घ्यावीत. हौशी मंडळी मात्र बहुधा शिरस्त्राणापासून सुरुवात करतात.

या सामग्रीचा उत्तम लेखी पुरावा सर जॉन अ‍ॅस्टली या इंग्रज नाइटच्या हस्तलिखितात मिळतो; ते आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. पायी लढायला निघालेल्या माणसाला कसे सज्ज करावे, हे त्यात क्रमवार दिले आहे. आत सदरा नको. साटिनचे अस्तर लावलेला, भोके पाडलेला फस्टियनचा (एका जाड कापडाचा) डगला हवा. काखेत आणि कोपराच्या वळणावर कड्यांच्या जाळीचे तुकडे शिवावेत. पत्रे बांधायच्या नाड्या क्रॉसबोची (घोडा दाबून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याची) दोरी ज्या बारीक सुताची करतात त्याच सुताच्या, वर चांभारी मेण चोळलेल्या. म्हणजे त्या ताणत नाहीत की तुटत नाहीत. पत्रा घासू नये म्हणून गुडघ्यांभोवती पातळ घोंगडीच्या पट्ट्या. जाड चामड्याच्या जोड्यांना गाठी मारलेल्या दोऱ्या शिवायच्या, हेही त्यात आहे. कट्यार उजवीकडे, आखूड तलवार डावीकडे. तीही म्यानाविना, कड्यात अडकवलेली, झटकन उपसता यावी म्हणून.

बाकीच्या वस्तू एकाच प्रदेशाच्या आणि एकाच काळाच्या असाव्यात. 1480 च्या सुमाराच्या दक्षिण जर्मन चिलखतावर नितंबांवर रुळणारा नक्षीदार जड पट्टा शोभत नाही. तो मुख्यतः चौदाव्या शतकातला. घोड्याला टोचायचे टाचेचे काटे लांब दांडीचे, फिरत्या चक्रीचे हवेत.

पाठीवरचे पट्टे आणि बकले समोरून काढलेल्या चित्रांत दिसत नाहीत. तिथे इंग्लंडमधील वॉरिकचा अर्ल (सरदार) रिचर्ड बीचम (मृत्यू 1439) याच्या समाधीवरचा सोनेरी मुलाम्याचा धातूचा पुतळा कामी येतो. तो उताणा आहे, पाठ कुणाला दिसणार नव्हती; तरी घडवणाऱ्यांनी तिथलेही पट्टे आणि बकले तपशीलवार घडवले आहेत.