अफूवर्गीय नशेवर ओपीडीतले उपचार: बेळगाव भागात नाव कसे नोंदवाल

हेरॉईन (आपल्याकडची पन्नी), अफू, कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल-टॅपेंटाडॉलच्या गोळ्या किंवा पेंटाझोसिनचे इंजेक्शन यांपैकी कशाच्याही आहारी गेलेल्या सज्ञान व्यक्तीला दाखल न होता उपचार घेता येतात. मुख्य औषध ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली ठेवायची गोळी. गांजा किंवा दारूसाठी ही गोळी नाही.

पात्रता डॉक्टर तपासून ठरवतात. नशा चुकली की अंग मोडून येणे, नाक-डोळे वाहणे, पोटात पिळवटणे, जुलाब आणि झोप उडणे हा त्रास होतो का, हे विचारतात. वय 18 पूर्ण हवे आणि संमती स्वतःची हवी. घरच्यांनी ओढत आणून सही घेतलेली चालत नाही. नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या ओएसटी केंद्रात, म्हणजे नशेऐवजी अशी गोळी देणाऱ्या केंद्रात, इंजेक्शनने नशा करणाऱ्यांनाच घेतात. पन्नी ओढणाऱ्यांनी किंवा गोळ्या खाणाऱ्यांनी सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी गाठावी. बेळगावचे सिव्हिल म्हणजे बिम्स किंवा धारवाडचे डिमहान्स हे सरकारी मानसोपचार रुग्णालय इथून सुरुवात करा. ही गोळी सगळीकडे नसते, मेडिकलमध्ये तर मिळतच नाही. म्हणून खानापूर, निपाणीहून एसटीत बसण्याआधी 14446 या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर विचारून घ्या.

आधार, असल्यास बीपीएल रेशनकार्ड, जुने केसपेपर आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. बीपीएल कार्ड नसलेल्या निराधारांनाही सरकारी मानसिक आरोग्य केंद्रात मोफत उपचाराचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 देतो. संमतीपत्र बहुधा कानडीत असते. ते मराठीत समजावून मागा, मगच सही करा. समजून दिलेली संमती हीच कायद्यातली अट आहे. लघवीची तपासणी, यकृताची तपासणी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी आणि बायकांची गर्भचाचणी होऊ शकते. गरोदर असाल तर आधी सांगा. उपचार थांबत नाहीत, नियोजन बदलते.

पोलिसांची भीती अनेकांना मागे खेचते. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, 1985 चे कलम 64अ सेवनाच्या आणि अल्प प्रमाण बाळगण्याच्या गुन्ह्यात अडकलेल्या, स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यातून सूट देते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. विक्रीच्या गुन्ह्याला ती लागू नाही.

सगळ्यात जास्त गडबड पहिल्या दिवशी होते. ‘त्रास नको’ म्हणून माणूस सकाळी एक डोस घेऊनच येतो. रक्तात पन्नी असताना ब्युप्रेनॉर्फिन गेले, की ते मेंदूतल्या त्याच जागांवरून आधीच्या औषधाला ढकलून स्वतः बसते, पण त्याच्याइतका जोर देत नाही. मग तासाभरात जोरदार उलट्या आणि घाम. मग घरचे म्हणतात, औषधच वाईट. शेवटच्या नशेनंतर साधारण 12 तास जाऊ द्या आणि त्रास सुरू झाल्यावर या. मेथाडोनसारखे लांब टिकणारे औषध असेल तर निदान 24 ते 72 तास लागतात. वेळ खोटी सांगू नका. त्यावरच सुरुवात ठरते.

पहिली मात्रा बहुधा 2 ते 4 मिलिग्रॅम. तास-दोन तास बसवून पाहतात, गरज पडल्यास वाढवतात. पुढे अनेकांना रोज 8 ते 16 मिलिग्रॅम लागते. गोळी पूर्ण विरघळायला पाच-दहा मिनिटे लागतात. तोवर गिळू नका, बोलू नका, पाणी पिऊ नका. गिळली तर परिणाम फार थोडा. तंबाखू, पान तोंडात घेऊन येऊच नका. विरघळल्यावर चूळ भरा, दात तासाभराने घासा.

सुरुवातीला रोज केंद्रात येऊन नर्ससमोर गोळी घ्यावी लागते. स्थिर झाल्यावर घरी नेण्याची मुभा डॉक्टर देतात. या गोळीला झोपेच्या गोळ्या किंवा दारूची जोड दिली तर श्वास मंदावतो, जीव जाऊ शकतो. आठवडाभर खंड पडला तर जुनी मात्रा स्वतःहून घेऊ नका. पुन्हा कमीपासून सुरू करतात. ऊसतोडीला किंवा कोल्हापूरकडे कामाला जाणार असाल तर आधी बदलीचे पत्र घ्या, कारण एका वेळी एकाच केंद्रात नाव ठेवता येते.